पोलिसांना दिलेला जबाब मागे घ्यायचाय? ठाण्यात जाण्याआधी हे वाचा

"मॅडम, ते लिवल्यालं खोडून टाकता येतंय का?"

कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं कारखान्याच्या ऊसबिलाच्या पाकिटातून घडी घातलेलं समन्स काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पहिलाच प्रश्न हा विचारला. बांधावरच्या भांडणात शेजाऱ्याच्या डोक्याला मार लागला होता. हे गृहस्थ आरडाओरडा ऐकून घरातून धावत गेले. त्याच रात्री दोन वाजता ठाण्यात त्यांचा जबाब झाला. मधल्या काळात भावकी बसली, दोन्ही घरं बोलायला लागली, आणि आता सगळे यांच्याकडे बघत होते, कारण कोर्टात साक्षीला यांचंच नाव होतं.

मी साताऱ्यात फौजदारी वकिली करते. महिन्यातून दोन-तीन वेळा तरी हा प्रश्न माझ्यापुढे येतो, कधी साताऱ्याचा माणूस विचारतो, कधी सांगली-तासगावकडचा. उत्तर थोडक्यात असं: पोलिसांपुढचा जबाब अर्ज देऊन रद्द होत नाही. तो पोलिसांच्या तपासाच्या नोंदवहीत, म्हणजे केस डायरीत जातो आणि पुढे दोषारोपपत्राला, म्हणजे चार्जशीटला जोडला जातो. पण चुकीचा जबाब दुरुस्त करता येतो, अपुरा असेल तर त्यात भर घालता येते, आणि धमकी येत असेल तर संरक्षण मागता येतं. या तिन्ही वाटा वेगळ्या आहेत. माणसं चुकतात ती बहुतेकदा चौथी, बिनकामाची वाट धरून, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कागद कोणता ते ओळखा

घरी सगळ्यालाच आपण "जबाब" म्हणतो. कायद्यात मात्र हे चार वेगळे कागद आहेत.

तुम्ही स्वतः जाऊन गुन्हा नोंदवला असेल आणि खाली सही केली असेल, तर ती फिर्याद. तुम्ही फिर्यादी आहात, आणि तुमचा प्रश्न "तक्रार मागे घेणे" हा आहे. त्याचं पुढे सांगते.

पोलिसांनी बोलावून "काय पाहिलं" विचारलं आणि लिहून घेतलं, तर तो साक्षीदाराचा जबाब. जुन्या लोकांच्या तोंडी अजून "एकशे एकसष्टचा जबाब" आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि जुनं कलम १६१ तेच आता कलम १८० आहे. या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. शपथही नसते.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेऊन जबाब घेतला असेल, तर तो कलम १८३ चा, म्हणजे जुना "एकशे चौसष्टचा". साक्षीदाराचा हा जबाब शपथेवर असतो. त्याचं वजन फार वेगळं आहे.

आणि जागेवर किंवा हत्यार जप्त करताना पंच म्हणून सही केली असेल, तर तो पंचनामा. पंच हाही साक्षीदारच, पण त्यानं घटना पाहिलेली नसते, जप्ती पाहिलेली असते. "मी कोऱ्या कागदावर सही केली" असं म्हणणारे पंच मला दरवर्षी भेटतात. वाचल्याशिवाय सही करू नका, एवढंच त्यांना आधी कुणी सांगायला हवं होतं.

मग स्वतःला विचारा: का मागे घ्यायचाय?

या प्रश्नाला खरं उत्तर द्या, निदान स्वतःपुरतं. पुढची सगळी पावलं त्यावर ठरतात. साधारण पाच कारणं असतात: लिहिताना चूक झाली, मला तेव्हा नीट आठवलं नव्हतं, मी कुणाच्या तरी सांगण्यावरून खोटं सांगितलं, मला दमदाटी होते आहे, किंवा आता तडजोड झाली आहे, कशाला वाईटपणा घ्यायचा.

यातलं पाचवं कारण सर्वांत जास्त वेळा ऐकू येतं, आणि कायद्याच्या दृष्टीनं तेच सर्वांत कच्चं आहे. तडजोड झाल्यानं तुम्ही पाहिलेली गोष्ट न पाहिलेली होत नाही. भावकीत बसून "साक्षीला उभं राहायचं नाही" असं ठरलं, तरी समन्स तुमच्या नावाचं येतं आणि पिंजऱ्यात एकट्यालाच उभं राहावं लागतं. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. ज्या मंडळींनी तुम्हाला तिथवर आणलं, त्यातलं कुणीही त्या वेळी तुमच्या शेजारी नसतं, हे मी पाहिलं आहे.

चूक झाली असेल तर: पुरवणी जबाब

इथं थोडं थांबते, कारण बहुतेकांचं काम इथंच होऊ शकतं आणि इथंच उशीर होतो.

पोलिसांच्या जबाबाची भाषा ठरलेली असते. सुरुवात "समक्ष विचारलेवरून जबाब देतो की" अशी, आणि शेवट "माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मला वाचून दाखविला, तो बरोबर व खरा आहे" असा. मधला मजकूर लिहिणाऱ्या अंमलदाराच्या हातून तुमच्या बोलीतून त्या ठरलेल्या भाषेत उतरतो. उतरताना काय होतं, ते कोरेगावच्या माणसाच्या जबाबात बघा. ते म्हणाले होते, "मी पोचलो तवा त्येच्या हातात कोयता हुता." कागदावर आलं, "आरोपीने त्याचे हातातील कोयत्याने फिर्यादीचे डोक्यात वार केला, तो मी पाहिला." वार त्यांनी पाहिलेलाच नव्हता. ते पोचले तेव्हा मोटरसायकलच्या दिव्याच्या उजेडात एक माणूस खाली बसलेला आणि दुसरा कोयता घेऊन उभा, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. दोन वाक्यांतला हा फरक एखाद्याच्या आयुष्याची काही वर्षं ठरवू शकतो.

अशी चूक लक्षात आली की काय करायचं?

तपास अजून चालू असेल, म्हणजे दोषारोपपत्र कोर्टात गेलेलं नसेल, तर तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. साक्षीदाराला एकापेक्षा जास्त वेळा विचारण्याची आणि पुरवणी जबाब नोंदवण्याची रीत रोजची आहे. पोलिसांना त्यात नवल वाटत नाही. अर्ज एका पानाचा पुरतो. विषयात लिहा: "दि. ____ रोजीच्या माझ्या जबाबातील चुकीची दुरुस्ती होऊन पुरवणी जबाब नोंदवून घेणेबाबत." खाली गुन्हा रजिस्टर नंबर, तुमचं नाव-पत्ता, जबाब कोणत्या दिवशी कुणी घेतला ते. मग मुद्दा, जितक्या कमी शब्दांत होईल तितका: माझ्या जबाबात अमुक लिहिलं गेलं आहे, प्रत्यक्षात मी तमुक पाहिलं आणि तेच सांगितलं होतं, तरी माझा पुरवणी जबाब घ्यावा. "माझा जबाब रद्द समजावा" हे वाक्य अर्जात लिहू नका. त्यानं काही रद्द होत नाही, उलट पुढे उलटतपासणीत तोच कागद तुमच्यापुढे धरला जातो.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच मिळाल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. घ्यायला नकार दिला, तर भांडू नका. तोच अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे स्पीड पोस्टानं पाठवा, आणि पावती व पोच जपून ठेवा.

पुरवणी जबाब देताना तो शब्दन्‌शब्द वाचून घ्या. वाचता येत नसेल तर सावकाश वाचून दाखवायला सांगा. चूक दिसली तर तिथंच सांगा. आवाज न चढवता "साहेब, मी असं म्हटलं नव्हतं, ते बदला" एवढं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. नव्या कायद्यात जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करण्याचीही सोय आहे. तुमचा तसा होत असेल तर ते तुमच्याच फायद्याचं आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. त्यांचा जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. कलम १७९ बघा. रात्री दोनला आजीला जीपमध्ये बसवून नेण्याची पाळी कुणावर येऊ नये, म्हणून हे घरोघरी माहीत हवं.

गेल्या वर्षी कराडच्या एका दुकानात काम करणारी मुलगी आली होती. अपघात करून पळालेल्या गाडीचा रंग तिच्या जबाबात चुकला होता. चौथ्याच दिवशी तिनं असा अर्ज दिला, पुरवणी जबाब झाला, विषय संपला. कोरेगावचे गृहस्थ मात्र समन्स आल्यावर आले. तोवर दोषारोपपत्र दाखल झालेलं होतं. त्यानंतरही कलम १९३ खाली पुढील तपास होऊ शकतो, पण खटला सुरू असेल तर त्याला कोर्टाची परवानगी लागते, आणि तो निर्णय साक्षीदाराच्या हातात नसतो. म्हणून चूक दिसली की त्याच आठवड्यात हालचाल करा.

स्टॅम्पपेपरचं प्रतिज्ञापत्र: हे करू नका

सर्वांत जास्त नुकसान यानं होतं. कुणीतरी सांगतं, "पाचशेचा स्टॅम्प घे, नोटरी कर, लिही की पोलिसांनी दबाव टाकून जबाब घेतला." कधी आरोपीकडची मंडळीच टाइप करून आणतात, फक्त सही तुमची. त्या कागदानं पोलिसांतला जबाब मागे जात नाही. पण तो शपथेवरचा असतो. म्हणजे आधीचा बिनशपथेचा जबाब तसाच राहतो, आणि वर तुमच्या शपथेचा एक उलटा कागद तयार होतो. कोर्टात दोन्ही पुढे आले की "खरं कोणतं?" हा प्रश्न तुम्हालाच.

आरोपीच्या वकिलांच्या ऑफिसात बोलावलं तर जाऊ नका. पैसे, उसनवारी माफ, पाण्याची पाळी सोडणं, अशा कोणत्याही बदल्यात साक्ष बदलू नका. ते देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

खोटं सांगितलं होतं, आता बदलायचंय

ही सर्वांत अवघड जागा. इथं एकट्यानं पाऊल टाकू नका, आधी वकील गाठा. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. शपथेवर कोर्टात खोटी साक्ष दिली तर कलम २२९, सात वर्षांपर्यंत. या दोन आकड्यांमधलं अंतरच काय करायचं ते सांगतं. ठाण्यात चूक झाली असेल, तर ती कोर्टात शपथेवर पुन्हा करू नका. निष्पाप माणूस तुमच्या शब्दानं आत गेला असेल, तर लवकरात लवकर खरं बाहेर आणणं हेच करायचं आहे, आणि ते कसं, हे तुमचा वकील प्रकरण पाहून ठरवेल. पोलिसांच्या प्रश्नांना खरी उत्तरं देणं बंधनकारक आहे, पण ज्या उत्तरानं तुम्ही स्वतः गुन्ह्यात अडकाल ते देणं बंधनकारक नाही. ही सवलत त्याच कलम १८० मध्ये आहे.

वकिलाची फी परवडत नसेल, तर साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात किंवा सांगलीला विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोन करायचा तर १५१००.

कलम १८३ चा जबाब असेल तर दुप्पट जपा. तो न्यायदंडाधिकाऱ्यांनी घेतलेला आहे. खटल्यात त्याच्या नेमकं उलट बोललात, तर न्यायाधीश खोट्या साक्षीची कारवाई सुरू करू शकतात. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यातल्या मुख्य साक्षीदार झाहिरा शेख यांना वारंवार साक्ष फिरवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली एक वर्षाची कैद दिली होती. तो खटला फेरसुनावणीला मुंबईत, म्हणजे आपल्याच राज्यात आलेला होता.

धमकी येत असेल तर

साक्षीदाराला खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे: न्याय संहितेचं कलम २३२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. मिस्ड कॉल, गल्लीत अडवणं, शेताची वाट बंद करणं, सगळं तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा. मेसेज खोडू नका. पोरांच्या शाळेपर्यंत कुणी आलं, तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे साक्षीदार संरक्षण योजना. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये महेंदर चावला खटल्यात ती देशभर लागू केली. जिल्ह्यात एक सक्षम प्राधिकरण असतं. प्रमुख जिल्हा न्यायाधीश, सोबत जिल्ह्याचे पोलीसप्रमुख आणि अभियोग विभागाचे, म्हणजे सरकारी वकिलांच्या विभागाचे प्रमुख. अर्ज या अभियोग विभागाच्या प्रमुखांमार्फत जातो. मग उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. घराजवळ गस्त, फोन नंबर बदलून देणं, साक्षीच्या दिवशी पोलीस सोबत, आरोपीसमोर न येता साक्ष, असे उपाय मिळू शकतात. अर्जाची माहिती गोपनीय ठेवायची असते. गावाकडची माणसं म्हणतात, "आपल्याला कोण देतंय संरक्षण." मागितल्याशिवाय कुणालाच मिळत नाही. मागा.

फिर्याद मागे घ्यायची असेल तर

इथं नवरा-बायकोची प्रकरणं जास्त. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पट्टी बांधलेल्या अवस्थेत दिलेला जबाब, सहा महिन्यांनी समेट, आणि मग "आता केस काढून टाका." एफआयआर फिर्यादीच्या अर्जानं निघून जात नाही. किरकोळ मारहाण, शिवीगाळ अशी काही कलमं तडजोडीची आहेत, ती कोर्टासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ खाली मिटवता येतात. बाकीच्यांसाठी उच्च न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ५२८ चा अर्ज करावा लागतो, आणि दोन्ही बाजूंचं एकमत असेल तर घरगुती प्रकरणांत कोर्ट बऱ्याचदा तो मान्य करतं. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा-सांगली त्याच्याच अखत्यारीत येतात, त्यामुळे सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. खून, बलात्कार, बालकांवरचे अत्याचार असे गुन्हे मात्र समेटानं मिटत नाहीत, आणि मिटूही नयेत.

एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. समेट सासरच्या दबावाखाली होत असेल, तर आधी महिनाभर माहेरी राहून विचार करा. कागद मिटवायला नंतरही वेळ असतो.

साक्षीचा दिवस

समन्स आल्यावर गेला नाहीत तर जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. लपून राहून काही साधत नाही. आजारपण असेल तर दाखला जोडून आधी कळवा.

सकाळी साडेदहाला पोचा. सरकारी वकिलांना भेटा आणि त्यांना सरळ सांगा, "माझ्या जबाबात अमुक वाक्य मी सांगितलेलं नाही." हे आधी सांगणं फार महत्त्वाचं. ऐन साक्षीत त्यांना ते कळलं, तर त्यांचा समज होणार की तुम्ही फितलात. कोरेगावच्या गृहस्थांनी मी सांगितल्याप्रमाणे हेच केलं.

साक्षीत आधी सरकारी वकील प्रश्न विचारतात, ती सरतपासणी; मग आरोपीचे वकील, ती उलटतपासणी. तुमचं बोलणं जबाबाच्या विरुद्ध गेलं, तर सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीनं तुम्हाला "फितूर" ठरवून उलट प्रश्न विचारू शकतात. हा शब्द ऐकून खचू नका. जबाबातलं ते वाक्य तुम्हाला वाचून दाखवतात आणि विचारतात, "हा मजकूर तुम्ही पोलिसांना सांगितला होता का?" त्या भागाला "पोर्शन मार्क ए" अशी खूण करतात. सांगितला नसेल तर "नाही, तसं सांगितलं नव्हतं, का लिहिलं ते सांगता येणार नाही." सांगितला असेल आणि खरा असेल तर "हो." आठवत नसेल तर "आठवत नाही." तिन्ही उत्तरं चालतात, फक्त खरी असायला हवीत. फितूर ठरलेल्याची साक्षही कोर्ट पूर्ण फेकून देत नाही. त्यातलं विश्वासार्ह वाटेल तेवढं घेतं. आणि एक साक्षीदार फिरला म्हणून खटला संपतोच असंही नाही. डॉक्टर, पंच, मोबाईलचे पुरावे उरतातच.

आरोपीचे वकील विचारतील, "आज सकाळी जबाब वाचलात ना?" वाचला असेल तर "हो, वाचला" म्हणा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

कोरेगावच्या त्या माणसानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं: कोयता हातात पाहिला, वार पाहिला नाही, तेवढ्या उजेडात तोंड ओळखता आलं. "वार पाहिला" या वाक्याला खूण झाली. नंतर तपास अधिकाऱ्यांची साक्ष झाली तेव्हा त्यांनाही त्या खुणेबद्दल विचारलं गेलं. दोन्ही घरं त्यांच्यावर थोडी थोडी नाराज झाली. त्यांनी जे पाहिलं होतं तेवढंच आणि तसंच सांगितलं होतं.

साक्ष झाली की लगेच निघू नका. टाइप झालेली साक्ष वाचून दाखवतात, ती कान देऊन ऐका.  चूक असेल तर तिथंच न्यायाधीशांना हात जोडून सांगा, ते दुरुस्त करतात किंवा तशी नोंद घेतात. मग लिपिकाकडून साक्षीभत्ता मागून घ्या. एसटीचं तिकीट जपून ठेवलं असेल तर ते दाखवा.